दगड झडतोय: हवामान बदल, लोणा आणि कोटिंगचा प्रश्न

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय गृहीत धरलंय ते तुम्हाला कळेल. तुमच्या देखरेखीखाली वालुकाश्मात बांधलेली एक जुनी वास्तू आहे. भिंतींवर साधारण कमरेच्या उंचीपर्यंत पांढरी भुकटी येते आणि तिच्या जरा वर कोरीव कामाचे पोपडे सुटतात. हे पूर्वीही थोडंफार व्हायचं, पण गेल्या दहाएक वर्षांत फार वाढलंय. हे हवामान बदलामुळे होतंय का, आणि भिंतींना चांगलं वॉटरप्रूफ कोटिंग करून घेतलं तर थांबेल का, असं तुम्ही विचारलंय.

कोटिंगचं आधी सांगतो, कारण तिथे घाई झाली तर मागे फिरता येत नाही. आत्ता भिंतीला काहीही लावू नका. का, ते पुढे येईलच.

हवामान बदलाबद्दल मात्र एका शब्दात उत्तर देता येणार नाही. दगडात चिकणमातीचा अंश किती, पूर्वीची दुरुस्ती कशाने झाली, जमिनीतलं पाणी किती वर आहे, पावसाचा मारा कोणत्या बाजूने होतो, अशा बऱ्याच गोष्टींवर ते अवलंबून आहे. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. दगड का झडतो, हा एक. आत्ताच एवढ्या वेगाने का झडतो, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा पाणी आणि क्षार असंच निघतं. हवामानाचा हात असतो तो दुसऱ्यात. हे दोन वेगळे केले नाहीत, तर माणूस हवामानाला दोष देत बसतो आणि हातात असलेला उपाय राहून जातो.

ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. जमिनीतलं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांमधून वर चढतं आणि विरघळलेले क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. लोणा दिसला की लोक घाबरतात, पण पृष्ठभागावर आलेला क्षार त्या मानाने कमी घातक. कोरड्या दिवशी मऊ ब्रशने झाडला की निघतो. घात करतो तो आत अडकलेला. दगड सावकाश वाळत असेल तर पाणी अगदी बाहेरपर्यंत येऊन उडतं आणि क्षार बाहेर साठतो. ऊन कडक असेल, गरम वारा वाहत असेल, तर आतून पाणी येईपर्यंत बाहेरचं उडून गेलेलं असतं. मग वाळण्याची रेषा काही मिलिमीटर आत सरकते आणि क्षाराचे स्फटिक तिथे, पृष्ठभागाच्या मागे, छिद्रांमध्ये वाढू लागतात. वाढणारा स्फटिक छिद्राच्या कडांवर दाब देतो. एकदोनदा काही बिघडत नाही. तेच शेकडो वेळा झालं की तेवढ्या जाडीचा पापुद्रा मागच्या दगडापासून सुटतो. अशा जागी लाकडी मुठीने अगदी हलकेच टकटक केलं तर आवाज बद्द येतो. समोरून कोरीव काम अजून धड दिसत असतं आणि मागे पोकळी झालेली असते. ओलीच्या पट्ट्याच्या वरच्या काठावर तुमचे पोपडे जास्त सुटतात, त्याचंही कारण हेच. भिंत ओली आणि कोरडी आलटून पालटून होते ती तिथेच.

यात आर्द्रतेची एक खुबी आहे. साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की हवेतलं बाष्प ओढून विरघळतं, आणि आर्द्रता खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. म्हणजे पावसाचा एक थेंबही पडला नाही तरी दगडाच्या आत चक्र चालूच राहतं. ही रेषा वर्षातून किती वेळा ओलांडली जाते, ते दगडासाठी सरासरी तापमानापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. सोडियम सल्फेट तर याहून वाईट. कोरड्या रूपातून पाणी धरलेल्या रूपात गेलं की त्याचं आकारमान सुमारे चौपट होतं. दगड किती टिकाऊ आहे हे प्रयोगशाळेत तपासायला हाच क्षार वापरतात, यावरून त्याची ताकद लक्षात येईल.

हवामान बदललं की दगडाचं काय होतं, याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण तापमानवाढीच्या कितीतरी आधीचं आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये इजिप्तचा एक ओबेलिस्क आहे, ‘क्लिओपात्राज नीडल’ म्हणतात त्याला. ग्रॅनाइटचा एकसंध स्तंभ, इजिप्तचा राजा तिसरा थुटमोस याच्या काळातला, म्हणजे साधारण साडेतीन हजार वर्षं जुना. इजिप्तमध्ये तो काही शतकं जमिनीवर आडवा पडून होता आणि त्या काळात त्याच्यात क्षार मुरले, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. 1881 मध्ये तो न्यूयॉर्कला उभा राहिला. तिथली दमट हवा, पाऊस आणि हिवाळ्यातलं गोठणं याला तोंड देताना थोड्याच वर्षांत त्याचा पृष्ठभाग सुटू लागला. 1885 मध्ये त्याला गरम करून पॅराफिन मेणाचा थर दिला आणि त्या कामात सुट्या झालेल्या ढलप्या शेकडो पौंडांच्या हिशोबात काढाव्या लागल्या. दगड तोच, क्षारही तेच. बदललं ते फक्त हवामान. आज जगभरच्या वास्तू जागच्या जागी उभ्या आहेत आणि हवामानच त्यांच्याकडे चालून येतंय, एवढाच फरक.

आता दुसरा प्रश्न, आत्ताच का? यात पहिला मुद्दा पावसाचा. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी तो थोड्या वेळात धो-धो कोसळण्याचं प्रमाण वाढतं. जुन्या वास्तूंची छपरं, पन्हाळी, पाणी वाहून नेणारे दगडी नळ हे सगळं त्या काळच्या पावसाच्या अंदाजाने केलेलं आहे. अर्ध्या तासात पन्हाळ भरून वाहिली की पाणी भिंतीच्या पोटात शिरतं. तिथून ते बाहेर यायला महिने लागतात, आणि तेवढ्यात पुढची सर येते.

दुसरा मुद्दा मधल्या कोरड्या, तापलेल्या दिवसांचा. वर सांगितलं तसं, कडक उन्हात वाळण्याची रेषा आत सरकते. म्हणजे खोलवर भिजणं आणि झपाट्याने वाळणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाढतात, आणि क्षारांना नेमकं हेच मानवतं. ज्या वालुकाश्मात फुगणारी चिकणमाती असते, तो तर क्षाराशिवायही नुसत्या भिजण्या-वाळण्याने थर सोडतो. हवा-पाण्याने कुजून मऊ झालेल्या बेसॉल्टचंही, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकाचंही, तसंच. अजिंठ्यासारख्या लेण्यांत दोन लाव्हाथरांमधल्या मऊ पट्ट्यातून आणि भेगांतून पाणी झिरपतं, तिथे कातळ आधी ढिला होतो. संगमरवराची गत निराळी. त्यातला कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने प्रसरण पावतो आणि तिच्या काटकोनात आकुंचन पावतो. रोजच्या तापण्या-निवण्याने शेजारशेजारचे कण एकमेकांपासून सुटतात आणि बोट फिरवलं तरी रवाळ भुगा हाताला लागतो.

सगळंच बिघडतंय असं मात्र नाही, आणि हे सांगणं मला गरजेचं वाटतं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि थंड प्रदेशांत त्यामुळे दगड फुटतात. हिवाळे सौम्य होतील तिथे हा त्रास कमी होईल. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीवर जिप्समचे काळे थर चढवायचा, तो युरोपातल्या अनेक शहरांत 1980 नंतर खूप घटला. युरोपीय संघाच्या मदतीने 2004 ते 2007 या काळात झालेल्या ‘नोआज आर्क’ प्रकल्पात संशोधकांनी असे वेगवेगळे धोके नकाशांवर मांडले, तेव्हा काही ठिकाणी धोका वाढताना आणि काही ठिकाणी कमी होताना दिसला. म्हणून ‘हवामान बदलतंय, आता दगड गेलाच’ असं सरसकट म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या दगडासाठी, तुमच्या भिंतीसाठी कुठलं चक्र वाढतंय, ते शोधावं लागतं.

तुमच्या जागी मी आधी हवामान सोडून बाकीची कारणं तपासली असती. इजिप्तमधल्या कर्नाक आणि लक्सर इथल्या मंदिरांच्या वालुकाश्माला क्षारांनी पोखरलं, त्यात मोठा वाटा भूजलाचा होता. आस्वानच्या उंच धरणानंतर आसपास वर्षभर सिंचन सुरू झालं, जमिनीतलं पाणी वर आलं आणि दगडांत चढलं. तिथे मंदिरांभोवती निचरा व्यवस्था करून पाण्याची पातळी खाली आणावी लागली. तुमच्या वास्तूजवळ गेल्या दहा-पंधरा वर्षांत काय बदललं ते आठवून पाहा. नवा कालवा, हिरवळ आणि तिला रोजचं पाणी, गळकी जलवाहिनी, सांडपाण्याचा खड्डा, जोत्याभोवती घातलेलं काँक्रीट? काँक्रीटचा चौथरा दिसायला नीटनेटका असतो, पण जमिनीतली ओल पूर्वी मोकळेपणी उडून जायची, तिला आता भिंतीशिवाय दुसरी वाट उरत नाही.

मग सांधे बघा. दरजांमध्ये सिमेंट भरलंय का? ‘आत्ताच का’ याचं उत्तर मला अनेकदा तिथेच मिळालंय. जुन्या कामात दगडांच्या मधला चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. ओल आणि क्षार त्याच्यातून बाहेर पडतात. झिजतो तो चुना, आणि तो पुन्हा भरता येतो. सिमेंट भरलं की हा क्रम उलटतो. सांधा घट्ट होतो, ओल दगडातून बाहेर येते आणि झिजतो तो दगड. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचे विरघळणारे सल्फेट असतात, ते दगडात उतरतात. सिमेंटच्या रेघा उठून दिसतायत आणि मधले दगड खोलगट झालेत, असं चित्र असेल तर मूळ दुखणं दुरुस्तीत आहे आणि बदलत्या पावसाने ते वाढवलंय.

तपासण्याची सोपी रीत सांगतो. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन वास्तूभोवती फिरा. कोरड्या दिवशीच्या पाहणीत जे महिनोनमहिने कळत नाही, ते पावसात डोळ्यांसमोर दिसतं. पाणी कुठून गळतं, कुठे साचतं, जोत्यापाशी कुठे उडतं, सगळ्याचे फोटो काढा. संध्याकाळी टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा प्रकाश टाका, उठलेले पापुद्रे सावल्यांमुळे लगेच कळतील. खाली पडलेला भुगा कागदाच्या पुडीत घेऊन त्यावर जागा आणि तारीख लिहा. तो शुद्ध पाण्यात विरघळवून क्लोराइड, सल्फेट आणि नायट्रेटच्या चाचणी-पट्ट्यांनी ढोबळ अंदाज येतो. नायट्रेट जास्त निघालं तर सांडपाणी, खत किंवा वटवाघळांची विष्ठा यांचा संशय घ्या. सल्फेट जास्त असेल तर सिमेंटचा. क्लोराइड असेल तर समुद्राची हवा किंवा खारं भूजल. आणि जुने फोटो मिळतील तेवढे मिळवा. एकाच कोनातून काढलेले वीस-तीस वर्षांच्या अंतराचे दोन फोटो असले की झीज खरंच वेगाने वाढलीय का, की आपलं लक्ष आत्ता गेलंय, हे कळतं. आर्द्रता आणि तापमान नोंदवणारं एक छोटं यंत्र भिंतीजवळ वर्षभर ठेवलंत तर 75 टक्क्यांची ती रेषा किती वेळा ओलांडली जाते, त्याचाही हिशोब हाती येईल.

आता कोटिंग. विक्रेता सांगतो की थर पाणी आत जाऊ देत नाही आणि वाफ बाहेर जाऊ देतो. समजा हे खरं आहे. तुमचं पाणी समोरून येत नाहीये, खालून आणि वरून भिंतीच्या पोटात येतंय. ते बाहेर येताना कोटिंगच्या मागे थांबतं, तिथून वाफ होऊन निसटतं आणि क्षार तिथेच टाकून जातं. क्षारांची वाफ होत नाही. म्हणजे कडक उन्हाने जे अधूनमधून व्हायचं, ते कोटिंगने कायमचं करून ठेवलं. काही वर्षांनी कोटिंग आणि त्याला चिकटलेला दगडाचा थर, दोन्ही एकत्र सुटून येतात आणि त्यावरच कोरीव काम असतं. दगड घट्ट करण्यासाठी इथाइल सिलिकेट नावाचं रसायन त्यात मुरवतात. योग्य वालुकाश्मावर, क्षार काढल्यानंतर, तज्ज्ञाच्या हातून त्याचा उपयोग होतो. चुनखडीवर ते नीट धरत नाही, आणि क्षारांनी भरलेल्या ओल्या भिंतीवर ते लावणं म्हणजे दुखणं आत कोंडणं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला इटालियन तज्ज्ञांनी चांगल्याच हेतूने शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, थर दिला. पुढे तो पिवळा पडला, आणि तो काढायचं काम नंतरच्या पिढ्यांना किती जपून करावं लागलं! लावलेला थर परत काढता येतो का, हा प्रश्न प्रत्येक उत्पादनाबद्दल विचारा. बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असंच येतं.

मग करायचं काय? आधी पाणी. छपराच्या भेगा चुन्याने बुजवा, पन्हाळी साफ करा, आणि त्या आजच्या पावसाला कमी पडत असतील तर जादा वाट काढून द्या. जोत्याभोवतीचा उतार भिंतीपासून दूर जाईल असा करा, काँक्रीट असेल तर काढून खडीची निचरा-पट्टी करा. मग सांध्यांतलं सिमेंट हातोडी-छिन्नीने हळूहळू काढून चुन्याचा गारा भरा. मशीन लावू नका, दगडाच्या कडा उडतात. भिंत वाळायला वेळ द्या. जाड भिंतीला काही वर्षंही लागतात आणि त्या काळात लोणा उलट वाढलेला दिसेल. घाबरू नका, आतलं पाणी बाहेर येतंय त्याची ती खूण आहे. क्षार काढायला कागदाच्या लगद्याचा लेप शुद्ध पाण्यात कालवून लावतात. तो वाळताना क्षार ओढून घेतो. पण पाण्याची वाट बंद करण्याआधी लेप लावले तर तीच मेहनत पुन्हा पुन्हा करावी लागते. सुटत आलेले कोरीव पापुद्रे हे एकच काम थांबू शकत नाही. त्यांना चुन्याच्या पातळ घोळाने मागून आधार देणं हे अनुभवी संवर्धकाचं काम आहे, ते त्याच्याकडूनच करून घ्या. आणि वास्तू संरक्षित असेल तर यातलं काहीही पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय सुरू करू नका.

तुम्ही शेवटी विचारलंय की समुद्र वाढणार, पूर येणार, तर एवढा खटाटोप कशासाठी. काही ठिकाणी हा प्रश्न खरा आहे. 1901 ते 2018 या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. भूमध्य समुद्राकाठच्या 49 सखल जागतिक वारसास्थळांचा 2018 मध्ये अभ्यास झाला, तेव्हा त्यांतल्या 37 ठिकाणांना शतकातून एकदा येणाऱ्या पुराचा धोका आजच असल्याचं दिसलं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचं स्कारा ब्रे हे अश्मयुगीन गाव 1850 च्या वादळाने उघडं पडलं आणि 1920 च्या दशकापासून ते समुद्रभिंतीच्या आडोशाला आहे. लाटा आता भिंतीच्या दोन्ही टोकांपाशी किनारा खातात. अशा जागी किती काळ राखायचं आणि कधी फक्त नोंदी करून ठेवायच्या, हे निर्णय घ्यावे लागतील, आणि ते आत्ताच, उघडपणे घेतलेले बरे.

पण हात टेकायची वेळ फार थोड्या ठिकाणी आलेली आहे. जॉर्डनमधल्या पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन नगराच्या अरुंद घळीत 1963 मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात वीसहून अधिक पर्यटक बुडाले. तिथे, ते नगर वसवणाऱ्या नबातियन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच बांध घालून आणि खडकात बोगदा खोदून पुराचं पाणी वळवलं होतं. ती व्यवस्था गाळाने भरून निकामी झाली होती. दुर्घटनेनंतर बांध पुन्हा उभारला तो त्याच जागी. टांझानियातल्या किल्वा किसिवानीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळदगडी अवशेष 2004 मध्ये धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत गेले आणि 2014 मध्ये त्या यादीतून बाहेर आले. तिथल्या कामात भिंतींच्या दुरुस्तीइतकंच महत्त्व किनाऱ्यावर खारफुटी लावण्याला होतं. दोन्हीकडे काम झालं ते पाण्याच्या वाटेवर.

तुमची वास्तू समुद्रापासून आणि नदीच्या पूररेषेपासून दूर आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ती वाचवता येण्याजोग्या गटात आहे, आणि मला त्याबद्दल फारशी शंका नाही. दरजांमध्ये काय भरलंय, जोत्याभोवती काय बदललं, ओलीचा पट्टा चारही बाजूंना सारखा आहे की एकाच बाजूला, आणि भुग्याच्या चाचणीत काय निघालं, हे कळवा. पट्टा एकाच बाजूला असेल तर आधी त्या बाजूची पन्हाळ आणि जमिनीखालची वाहिनी तपासा. चारही बाजूंना असेल तर जवळच्या विहिरीची पाणीपातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, अशी दोनदा मोजून ठेवा.